गाजर गवत: ऑगस्टच्या मोहिमेआधी गावाने काय करायचे

गाजर गवताविरुद्धचा जागृती सप्ताह दरवर्षी 16 ते 22 ऑगस्टला असतो. जबलपूरचे तण संशोधन संचालनालय तो देशभर राबवते. कृषी विज्ञान केंद्रे, कृषी महाविद्यालये आणि शाळा त्यात उतरतात. सप्ताह उपयोगाचा आहे, पण गावाची सगळी भिस्त त्याच्यावर ठेवली की काम फसते. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या पावसावर हे तण उगवते आणि चार ते सहा आठवड्यांत फुलावर येते. म्हणजे ऑगस्टच्या मध्यापर्यंत पहिल्या पिढीचे बी जमिनीवर पडायला लागलेले असते. एका झाडाला 5,000 ते 25,000 बिया धरतात आणि मातीत गाडल्या गेलेल्या बिया कित्येक वर्षे जिवंत राहतात. पहिला हात जूनअखेर ते जुलै मध्यापर्यंत फिरवा. ऑगस्टचा सप्ताह दुसऱ्या हातासाठी ठेवा.

मे महिन्यातली तयारी

1 मेच्या ग्रामसभेत विषय घ्या. ठरावात नुसते ‘निर्मूलन करणे’ लिहून भागत नाही. गावाच्या नकाशावर गावठाण, गायरान, पाणंद रस्ते, शाळेचे आवार, स्मशानभूमी, पाझर तलावाचा भराव आणि कालव्याचे काठ वेगळे दाखवा. प्रत्येक तुकडा कोणाच्या ताब्यात आहे ते त्यावर लिहा. ग्रामपंचायतीची जागा ग्रामपंचायत साफ करेल, पण रस्त्याची कड बांधकाम विभागाची आणि कालव्याचा काठ पाटबंधारे विभागाचा असतो. त्यांना मे महिन्यातच पत्र द्या आणि पोच घ्या. जुलैत पत्र गेले तर अंदाजपत्रक आणि मंजुरी होईपर्यंत बी पडून जाते. गावाने आपला भाग स्वच्छ केला आणि कालव्याचा काठ तसाच राहिला, तर पाण्याबरोबर बी पुन्हा शेतात येते.

उपटणे

पाऊस पडून गेल्यावर, जमीन ओली असताना उपटा. पानांची चकती जमिनीला चिकटलेली असते त्या अवस्थेपासून कळ्या येईपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. सोटमुळासकट झाड यायला हवे. ब्रश कटरने किंवा विळ्याने वरून कापले तर बुडख्यातून फांद्या फुटतात आणि तेच झाड बुटके राहून लवकर फुलते. कटरचे काम दिसायला झटपट होते, देयकही झटपट निघते, पण तणाला त्याने काही होत नाही.

पूर्ण बाह्यांचे कपडे, रबरी हातमोजे, तोंडावर मास्क आणि पायात बूट याशिवाय कोणालाही कामाला लावू नका. या झाडातले पार्थेनिन हे द्रव्य कातडीवर चट्टे आणि खाज आणते, परागकणांनी दमा आणि शिंका वाढतात. पहिल्या दिवशी काही झाले नाही म्हणून पुढेही होणार नाही असे नसते. वारंवार संपर्काने त्रास सुरू होतो आणि मग तो वर्षानुवर्षे सुटत नाही. दम्याचे रुग्ण आणि अंगावर चट्टे उठणारी माणसे यांना या कामातून वगळा. शाळकरी मुलांकडून फुललेले गवत उपटून घेणे तर बंदच करा. त्यांना ओळख शिकवा, पत्रके वाटायला द्या. फुलावर आलेले झाड उपटावेच लागले तर सकाळी दव असताना उपटा आणि लगेच पोत्यात भरा. ढीग वाऱ्यावर सोडला की बी तिथेच झडते.

खड्डा खत

उपटलेले गवत जाळण्यापेक्षा खड्ड्यात कुजवा. उंचवट्यावर, पाणी साचणार नाही अशा जागी 3 फूट खोल, 6 फूट रुंद आणि 10 फूट लांब खड्डा घ्या. तळ आणि बाजू चोपून घट्ट करा किंवा फरशा लावा. साधारण 50 किलो गवताचा थर द्या, त्यावर 500 ग्रॅम युरिया किंवा 3 किलो रॉक फॉस्फेट टाका, 10 ते 12 किलो माती पसरा, शेणकाल्यात मिसळलेला ट्रायकोडर्मा (कुजवायला मदत करणारी बुरशी) शिंपडा आणि पायाने दाबा. थरावर थर देत खड्डा जमिनीच्या वर घुमटासारखा भरा आणि शेण, माती व भुसा यांच्या लेपाने पूर्ण बंद करा. चार-पाच महिन्यांत खत तयार होते.

लेपाला भेगा पडल्या की लगेच बुजवा, कारण बंद खड्ड्यातल्या कुजण्यामुळेच बी मरते. उघड्या उकिरड्यावर किंवा नाडेप टाकीत (खतासाठी बांधलेली, भिंतींना छिद्रे असलेली विटांची टाकी) फुललेले गवत टाकले तर बऱ्याच बिया जिवंत राहतात आणि खताबरोबर शेतभर जातात. खड्डा उघडल्यावर थोडे खत कुंडीत पसरून तीन आठवडे ओले ठेवा. गाजर गवताचे एकही रोप उगवले नाही तरच शेतात टाका.

भुंगे सोडायचे कुठे

गाजर गवत खाणारा मेक्सिकन भुंगा, म्हणजे झायगोग्रामा बायकोलोराटा, 1983 मध्ये मेक्सिकोतून बंगळूरला आणला गेला आणि तपासण्यांनंतर पुढच्या वर्षी सोडला गेला. मळकट पांढऱ्या पंखांवर गडद तपकिरी उभे पट्टे, लांबी जेमतेम 6 मिलिमीटर. प्रौढ आणि अळी दोन्ही पाने खातात, कळ्याही सोडत नाहीत. अंडी ते प्रौढ हा प्रवास सुमारे महिन्याभरात होतो. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला कर्नाटकात हे भुंगे सूर्यफुलाच्या पानांवर दिसल्याने भीती पसरली होती. पुढच्या अभ्यासांत भुंगा त्या पिकावर स्थिरावत नाही असे दिसले.

भुंगे कृषी विद्यापीठांच्या जैविक नियंत्रण प्रयोगशाळांत मिळतात, किंवा जवळच्या तालुक्यात ते स्थिरावले असतील तर जुलै-ऑगस्टमध्ये झाडावरून गोळा करता येतात. बारीक छिद्रे पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात गाजर गवताची ताजी पाने घालून न्या, डबा उन्हात ठेवू नका. एका ठिकाणी 500 ते 1,000 प्रौढ एकत्र सोडा. प्रत्येक वस्तीला पन्नास-पन्नास वाटले की कुठेच संख्या वाढत नाही. सकाळी किंवा संध्याकाळी, कोवळ्या दाट झाडांवर, पाऊस नसताना सोडा.

आता महत्त्वाची गोष्ट. ज्या तुकड्यात भुंगे सोडले तिथे उपटणी नाही, फवारणी नाही, नांगरणी नाही. खाद्य संपले तर भुंगे उपाशी मरतात, आणि पावसाळा सरला की ते मातीत शिरून पुढच्या जूनपर्यंत सुप्त राहतात, त्यामुळे ती माती हलवायची नसते. गायरानाचा एखादा दूरचा, सलग तुकडा यासाठी राखा, त्याला दगडांनी हद्द घाला आणि ग्रामपंचायतीच्या नोंदीत लिहून ठेवा. अनेक गावांत भुंगे सोडल्यानंतर महिन्याभरात दुसऱ्याच विभागाचा माणूस येऊन तिथेच तणनाशक मारून जातो. पहिल्या वर्षी निकाल दिसला नाही म्हणून घाबरू नका. संख्या वाढायला दोन-तीन पावसाळे लागतात. कोरड्या पट्ट्यात आणि हिवाळी उगवणीवर मात्र भुंग्याचा भरवसा धरू नये.

तणनाशक शेवटी

पीक नसलेल्या जागेसाठी जबलपूरची शिफारस मेट्रिब्युझिन 0.3 ते 0.5 टक्के किंवा ग्लायफोसेट 1 ते 1.5 टक्के अशी आहे. ग्लायफोसेटचे प्रमाण 15 लिटरच्या पंपाला 150 ते 225 मिली होते. ते समोर येईल ते हिरवे सगळे मारते. गायरानातले गवत मेले की मोकळ्या जमिनीवर पहिले उगवते ते गाजर गवतच, म्हणून कुरणासाठी मेट्रिब्युझिन बरे. गवताला त्याचा त्रास कमी होतो. फवारलेल्या जागी लेबलवर दिलेल्या मुदतीपर्यंत जनावरे सोडू नका. ग्लायफोसेटला स्वच्छ पाणी लागते, गढूळ पाण्यातली माती त्याला धरून ठेवते आणि फवारा वाया जातो. फवारणीनंतर निदान सहा तास पाऊस नको. 2022 मध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेट फक्त पेस्ट कंट्रोल चालकांमार्फतच वापरता येईल असा निर्बंध घालणारी अधिसूचना काढली होती. खरेदीआधी सध्याचा नियम तालुका कृषी अधिकाऱ्यांकडून लेखी घ्या. विहीर, ओढा आणि पाणवठ्याजवळ फवारणीचा विचारच नको. फुलावर आलेल्या झाडाला औषध मारून उपयोग नाही: झाड वाळते, बी पिकतेच.

रिकामी जागा भरणे

साफ केलेली जागा तशीच सोडली तर पुढच्या पावसात तेच तण परत येते. रस्त्याच्या कडेला टाकळा किंवा झेंडू लावा. टाकळ्याचे बी हिवाळ्यात गोळा करा. कवच कठीण असते, म्हणून वाळूबरोबर घासून घ्या आणि मे महिन्यात, पाऊस पडण्याआधी फोका. उगवलेला टाकळा दाट वाढतो आणि गाजर गवताला दाबतो. कोकणात त्याच्या कोवळ्या पानांची भाजीही करतात. पण जनावरे तो फारशी खात नाहीत, म्हणून गायरानात टाकळा नको. तिथे मारवेल, पवना यांसारखे गवत आणि स्टायलो हे शेंगवर्गीय चारापीक लावा व पहिले वर्ष चराई बंद ठेवा.

गावात येणाऱ्या मुरमावरही लक्ष ठेवा. हे तण देशात 1950च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नजरेत आले आणि परदेशी गव्हाबरोबर आले असे मानले जाते. आज गावोगावी ते मुरूम, वाळू, जेसीबीचे दात आणि ट्रॅक्टरच्या चाकांतून फिरते. रस्त्याच्या कामाच्या करारात दोन अटी घाला: मुरूम गाजर गवत नसलेल्या खाणीतूनच आणायचा, आणि यंत्र गावात येण्याआधी धुवायचे. काम संपल्यावर पहिल्या पावसानंतर तीन आठवड्यांनी त्या रस्त्याची कड तपासा आणि उगवलेली रोपे ठेकेदाराकडून उपटून घ्या, त्यानंतरच अंतिम देयकावर सही करा.