तलावातल्या शिंपल्यांची नोंद ठेवताना या चुका टाळा

गाळ काढायला जेसीबी उतरला की ठाण्यातल्या तलावांकाठी शिंपल्यांचा खच पडतो. तो मोजून ‘शिंपले भरपूर आहेत’ असं लिहू नका. रिकामा शिंपला गाळात वर्षानुवर्षं टिकतो. जिवंत शिंपला हात लागताच घट्ट मिटतो, तेवढाच मोजायचा. खात्रीसाठी नख किंवा चाकू घालून उघडलात, तर तो मरेल.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे मोठे शिंपले हाताला लागले की समाधान मानणं. शिंपले बरीच वर्षं जगतात, त्यामुळे नवी पैदास कधीच थांबलेली असली तरी तलाव भरलेला दिसतो. पिल्लं गाळात दडलेली असतात, चाचपून सापडत नाहीत. अर्धा मीटर बाय अर्धा मीटरची चौकट टाका, आतला वरचा गाळ बारीक चाळणीवर तलावाच्याच पाण्याने हळू धुवा आणि प्रत्येकाची लांबी लिहा. दोन सेंटीमीटरच्या आतलं एकही पिल्लू मिळालं नाही, तर आधी मासे पाहा. शिंपल्याची अळी माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून वाढते आणि मगच तळाशी उतरते. प्रत्येक मासा तिला चालत नाही. बाहेरून आणलेल्या तिलापियाने देशी मासे हटवले असतील, तर नुसतं पाणी स्वच्छ करून पिल्लं येतीलच असं नाही.

मोजलेले शिंपले सावलीत, तलावाच्याच पाण्यात ठेवा. नळाचं क्लोरीनचं पाणी नको. परत सोडताना वरून भिरकावू नका. नीट रोवता येत नसेल तर गाळावर आडवा ठेवा, तो पाय काढून स्वतःच रुतून बसतो. उलटा खुपसला तर श्वास आणि अन्न, दोन्ही बंद.

तलाव उपसणार असतील तर तारीख आधीच महापालिकेकडून घ्या. पाणी हळू उतरवायला सांगा, शिंपल्यांची चाल फार धिमी असते. उघडे पडलेले त्याच तलावाच्या खोल भागात हलवा; दुसऱ्या तलावात नेलेत तर रोग आणि परक्या गोगलगायीही सोबत जातील.

‘लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस’ ही गोड्या पाण्यातल्या शिंपल्याची जात आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत धोक्यात नाही म्हणून नोंद सोडू नका. यादी ती जात आढळते त्या सगळ्या प्रदेशाची असते, तुमच्या तलावातले शिंपले तरीही संपू शकतात. काहीच मिळालं नाही तर शून्य लिहा, सोबत चौकटी किती टाकल्या तेही. कोरी वही पुढच्या वर्षी काहीच सांगत नाही.