वक्रता समजून घेताना या चुका टाळा

बोलताना आपण 'वक्र' म्हणतो तेव्हा मनात 'वाकडं' असतं: वक्रदृष्टी, वक्रोक्ती, वक्रतुंड. गणिताचा प्रश्न मात्र नेमका आहे. रेषेवरून ठरावीक अंतर चाललं, तर तोंडाची दिशा किती वळली?

घरातली वाटी आणि परात घ्या. त्रिज्या अनुक्रमे ४ आणि २० सेंमी धरू. दोन्हींच्या काठावरून मुंगी ५ सेंमी चालली, तर वाटीवर ती सुमारे ७२ अंशांत वळते, परातीवर जेमतेम १४. म्हणजे वर्तुळाची वक्रता १ भागिले त्रिज्या. सर्वांत जास्त मुलं इथेच फसतात. भिंगांच्या धड्यात 'वक्रता त्रिज्या' हा शब्द येतो आणि ती मोठी म्हणजे वक्रता मोठी, असं वाटून जातं. खरं तर अगदी उलट. आपल्या रेल्वेची पद्धत मला म्हणूनच फार आवडते. तिथे वळण अंशांत सांगतात: १७५० भागिले मीटरमधली त्रिज्या. १ अंशाचं वळण १७५० मीटर त्रिज्येचं, ५ अंशांचं ३५० मीटरचं. आकडा वाढला की वळणही कडक होतं.

चढ म्हणजे वक्रता नव्हे. छपराला टेकवलेली शिडी कितीही उभी असो, तिची वक्रता शून्यच.

बारावीनंतरची चूक जास्त चिवट असते: दुसरं विकलज (उतार किती वेगाने बदलतो ते) काढायचं आणि तीच वक्रता समजायची. य = क्ष² घ्या. दुसरं विकलज सगळीकडे २. पण वक्रता तळाच्या टोकाशी (क्ष = ०) २ असते आणि क्ष = १ पाशी ०.१८ च्या आसपास उतरते, कारण तिथे वक्र तिरका धावतो आणि तेवढ्याच क्ष-अंतरात जास्त लांबी कापतो. म्हणून (१ + उताराचा वर्ग) याच्या दीड घाताने भागायला विसरू नका.

पृष्ठभागाचं गणित आणखी वेगळं. कागदाची पुडी गोल दिसते, म्हणून ती वक्र, असं डोळा सांगतो. पण ती एका दिशेने वाकली तरी दुसऱ्या दिशेने सरळच राहते. दोन्ही वक्रतांचा गुणाकार शून्य. हा गुणाकार न ताणता वाकवल्याने बदलत नाही, हे जर्मन गणितज्ञ गाउस यांनी १८२७ मध्ये दाखवलं. पुडी उलगडली की कागद पुन्हा सपाट होतो. संत्र्याचा गुणाकार मात्र शून्य नसतो, म्हणून त्याची साल पाटावर दाबली की फाटते. पृथ्वीचंही तसंच. मर्केटरच्या नकाशात, म्हणजे जगाच्या नेहमीच्या आयताकृती नकाशात, ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे १४ पट आहे.