‘अप्रमाणित’ हा शब्द नेमका कसा वापरावा

ज्या वस्तूला, कागदाला किंवा कौशल्याला अधिकार असलेल्या यंत्रणेने तपासून प्रमाणपत्र दिलेले नाही, त्याला ‘अप्रमाणित’ म्हणतात. शब्दाचा अर्थ एवढाच आहे. परंतु बातमी, तक्रारअर्ज किंवा जाहिरात लिहिताना त्याच्यावर ‘खोटे’, ‘बेकायदा’, ‘निकृष्ट’ असे जास्तीचे अर्थ चढवले जातात, आणि वाचणाऱ्याला प्रमाणपत्र नाही हे कळण्याऐवजी माल वाईट आहे असेच वाटू लागते. म्हणून हा शब्द लिहिण्यापूर्वी प्रमाणपत्र कोणी द्यायचे होते, कशाबद्दल द्यायचे होते आणि ते घेणे सक्तीचे होते का, हे तीन प्रश्न स्वतःला विचारून घ्यावेत.

यातला तिसरा प्रश्न सर्वांत जास्त वेळा सुटतो, आणि तो समजून घ्यायला बियाण्यांचे उदाहरण फार चांगले आहे. बियाणे अधिनियम १९६६ प्रमाणे अधिसूचित वाणाचे बियाणे विकताना किमान उगवणक्षमता व शुद्धता राखणे आणि तसे लेबल लावणे सक्तीचे आहे. प्रमाणीकरण मात्र ऐच्छिक आहे. अकोल्याच्या बीज प्रमाणीकरण यंत्रणेने शेताची पाहणी करून आणि नमुने तपासून मान्य केलेल्या बियाण्याच्या पिशवीला निळा टॅग लागतो, आणि तेच ‘प्रमाणित बियाणे’ होय. उत्पादकाने स्वतःच्या जबाबदारीवर हिरवे लेबल लावून विकलेल्या बियाण्याला ‘सत्यतादर्शक’ म्हणतात. कृषी केंद्रावर शेतकरी त्यालाच ‘टीएल’ (ट्रुथफुल लेबल) म्हणून मागतो. हे दुसरे बियाणे काटेकोर अर्थाने अप्रमाणित आहे, तरी ते पूर्णपणे कायदेशीर आहे. शेतकऱ्याने मागच्या हंगामातले राखून ठेवलेले घरचे सोयाबीनही अप्रमाणितच असते, पण घरी उगवणक्षमता तपासून शंभरातले सत्तर किंवा अधिक दाणे उगवले, तर ते खुशाल पेरावे. त्यामुळे ‘कृषी केंद्रात अप्रमाणित बियाण्यांची विक्री’ असा मथळा दिला, तर गुन्हा नसलेल्या गोष्टीला गुन्ह्याचा वास लावल्यासारखे होते. लेबलच नसेल, तर ‘लेबल नसलेले बियाणे’ असे लिहावे. लेबल खोटे असेल, तर ‘बनावट लेबलचे’ असे स्पष्ट लिहावे.

सर्वांत महाग पडणारी चूक ‘अप्रमाणित’च्या जागी ‘अप्रामाणिक’ लिहिण्याची आहे. हिंदीत ‘प्रामाणिक’ म्हणजे अस्सल, विश्वसनीय. मराठीत ‘प्रामाणिक’ म्हणजे सचोटीचा. हिंदी मजकुरावरून घाईने मराठी करताना ‘अप्रामाणिक दस्तऐवज’ असा प्रयोग सहज उतरतो. दस्तऐवज लबाड नसतो, लबाड असतो तो माणूस, असे म्हणून हसून सोडता येईल. पण विशेषण कागदावरून सरकून माणसाला लागले आणि ‘अप्रामाणिक विक्रेता’ असे छापून आले, की तो थेट चारित्र्यावरचा आरोप होतो. विक्रेत्याकडे प्रमाणपत्र नाही एवढेच ठाऊक असेल, तर तेवढेच लिहावे.

शुद्धलेखनात ‘णि’ ऱ्हस्व हवा. मराठीत शब्दाचे शेवटचे अक्षर अकारान्त असेल, तर त्याच्या आधीचा इकार बहुधा दीर्घ होतो, जसे वकील, गरीब; पण हा नियम तत्सम शब्दांना लागू नाही. ‘अप्रमाणित’ हा ‘गणित’, ‘चर्चित’ यांच्याच घरातला असल्यामुळे ‘अप्रमाणीत’ चुकीचे ठरते. गंमत अशी की त्याच कुळातल्या ‘प्रमाणीकरण’मध्ये ‘णी’ दीर्घ आहे आणि तिथे तो बरोबर आहे, त्यामुळे दोन्ही शब्द एकाच परिच्छेदात आले की चांगले मुद्रितशोधकही अडखळतात. नकारासाठी ‘अ’ पुरेसा आहे. ‘विनाप्रमाणित’ लिहू नये, कारण ‘विना’ हा ‘परवाना’सारख्या नामाला जोडायचा. ‘विनाअनुदानित’ हा शब्द या न्यायाने सदोषच आहे, पण तो शाळांच्या पाट्यांवर इतका रुजला आहे की आता त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही. नवे भावंड मात्र त्याला देऊ नये.

विशेषण कोणत्या नामाला लावतो, हेही पाहावे. ‘अप्रमाणित सातबारा’ म्हटले, तर जमिनीची नोंदच संशयास्पद आहे असे वाटते. प्रत्यक्षात संकेतस्थळावर विनाशुल्क दिसणारा उतारा फक्त माहितीसाठी असतो आणि कायदेशीर कामाला डिजिटल स्वाक्षरी असलेला उतारा लागतो. म्हणजे नोंद तीच, फरक प्रतीत आहे. तेव्हा ‘सातबाऱ्याची अप्रमाणित प्रत’ असे लिहावे. न्यायालयाच्या आवारात वकील आणि कारकून ‘प्रमाणित प्रत’ असे क्वचितच म्हणतात. ते ‘नक्कल’ म्हणतात, आणि ती मिळवण्यासाठी ‘नकलेचा अर्ज’ करतात. मूळ कागदाशी ताडून अधिकाऱ्याने सही-शिक्का दिलेल्या झेरॉक्सला ‘साक्षांकित’ हा वेगळा शब्द आहे, आणि अर्जदाराने स्वतःच सही केली असेल, तर ‘स्वयंसाक्षांकित’. झेरॉक्सवर सही नाही एवढेच सांगायचे असेल, तर ‘साक्षांकित न केलेली प्रत’ हे ‘अप्रमाणित’पेक्षा अचूक आहे.

शेजारच्या शब्दांची कामे वेगळी आहेत. एखादे काम करण्याची परवानगी नसेल, तर ‘विनापरवाना’; नोंदवहीत नाव नसेल, तर ‘नोंदणी नसलेला’; बांधकामाला किंवा शाळेला मंजुरी नसेल, तर ‘अनधिकृत’. ‘अप्रमाणित इमारत’ असे कोणी म्हणत नाही.

सोन्याच्या बाबतीत मात्र सक्ती आहे, आणि तिथेही शब्द जपून वापरावा लागतो. जून २०२१ मध्ये देशातल्या २५६ जिल्ह्यांपासून सुरुवात होऊन हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा होऊ लागला, आणि १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर अक्षरे व आकडे मिळून सहा चिन्हांचा ओळख क्रमांक असल्याशिवाय सराफाला तो विकता येत नाही. पण ही सक्ती विकणाऱ्या सराफावर आहे, तिजोरीत जपून ठेवलेल्या आजीच्या पाटल्यांवर नाही. त्या मोडीत घालतानाच्या पावतीविषयी लिहायचे झाले, तर ‘हॉलमार्क नसलेल्या पाटल्या’ असे म्हणावे. ‘अप्रमाणित पाटल्या’ म्हटले, की त्या कदाचित खोट्या असतील असा भास होतो; खरे तर त्यांची शुद्धता मोजलेली नसते, एवढेच.

शेवटची बाब क्रियापदाची. ‘प्रमाणित करणे’ ही क्रिया आहे, पण ‘अप्रमाणित करणे’ अशी क्रिया नाही, कारण मुळात जे झालेच नाही त्याचे हे विशेषण आहे. प्रमाणपत्र दिले होते आणि नंतर काढून घेतले, तर ‘प्रमाणपत्र रद्द केले’ असे लिहावे. काळ उलटला असेल, तर ‘प्रमाणपत्राची मुदत संपली’. अर्ज केला असून निर्णय व्हायचा असेल, तर ‘प्रमाणीकरण प्रलंबित आहे’. या तिन्ही ठिकाणी सरसकट ‘अप्रमाणित’ लिहिल्यास तांत्रिकदृष्ट्या फारशी चूक होत नाही, पण रद्द झालेला, मुदत संपलेला आणि वाट पाहणारा हे तिघेही वाचकाला एकाच रांगेत उभे असलेले दिसतात.