मे महिन्यातील अटलांटिक: हंगामापूर्वी नजर कुठे आणि कशी ठेवावी

अटलांटिक महासागरातील हरिकेनचा, म्हणजे तिथल्या तीव्र चक्रीवादळांचा, हंगाम अधिकृतपणे १ जून ते ३० नोव्हेंबर असा मानला जातो. पूर्व पॅसिफिकमध्ये तो १५ मेलाच सुरू होतो. या तारखा सोयीसाठी ठरवलेल्या आहेत. २०१५ ते २०२१ या सलग सात वर्षांत अटलांटिकमध्ये १ जूनपूर्वीच किमान एका वादळाला नाव द्यावे लागले, आणि २०२१ पासून मायामी येथील नॅशनल हरिकेन सेंटरने आपला नियमित ट्रॉपिकल वेदर आऊटलुक, म्हणजे वादळे कुठे तयार होऊ शकतात याचा अंदाज, १५ मेपासूनच प्रसिद्ध करायला सुरुवात केली. त्यामुळे ज्याला हंगामभर निरीक्षण करायचे आहे, त्याने मेच्या पहिल्या पंधरवड्यातच आपली बैठक जमवावी. मात्र या दिवसांत पाहायच्या जागा आणि लावायच्या कसोट्या ऑगस्ट-सप्टेंबरपेक्षा बऱ्याच वेगळ्या असतात.

पहिली गोष्ट म्हणजे आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे डोळे लावून बसू नये. तिथून पश्चिमेकडे निघणाऱ्या उष्णकटिबंधीय लहरी, म्हणजे सरकते कमी दाबाचे पट्टे, मे महिन्यात दिसू लागतात हे खरे, पण त्या विषुववृत्ताच्या फार जवळून जातात, आणि त्यांच्या उत्तरेला सहाराची कोरडी, धुळीने भरलेली हवा असते. मे महिन्यात लक्ष द्यायच्या जागा किनाऱ्याजवळच्या आहेत: पश्चिम कॅरिबियन, मेक्सिकोचे आखात आणि बहामापासून अमेरिकेच्या कॅरोलिना राज्यांपर्यंतचा पट्टा. उत्तरेकडून उतरलेली एखादी थंड आघाडी, म्हणजे पुढे सरकणाऱ्या थंड हवेची कड, या उबदार पाण्यावर येऊन मंदावते, विरते, आणि मागे वाऱ्याच्या भोवऱ्याची एक क्षीण रेघ ठेवून जाते. कधी वरच्या थरातील कमी दाबाचे केंद्र मूळ प्रवाहापासून तुटून एकाच जागी रेंगाळते. त्यातील थंड हवेमुळे खालचे पाणी फारसे गरम नसतानाही गडगडाटी ढग उभे राहतात आणि उपोष्ण वादळ, म्हणजे उष्णकटिबंधीय आणि समशीतोष्ण वादळांचे मिश्र रूप, आकाराला येते. २०१५ चे ॲना याच प्रकारात सुरू झाले, नंतर पूर्ण उष्णकटिबंधीय बनले आणि १० मे रोजी दक्षिण कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर आले. तिसरा प्रकार मध्य अमेरिकेवरील विस्तीर्ण, आळशी आवर्ताचा. सेंट्रल अमेरिकन जायर या नावाने ओळखले जाणारे हे आवर्त शेकडो किलोमीटर पसरलेले असते. त्याच्या कडेने फिरणारे ढग भरपूर पाऊस देतात, पण त्यातून एकच घट्ट केंद्र तयार व्हायला पुष्कळ वेळ लागतो आणि बऱ्याचदा ते होतही नाही.

जागा ठरल्या की परिस्थिती तपासावी. समुद्रपृष्ठाचे तापमान २६.५ अंश सेल्सियसच्या वर हवे, असा सर्वसाधारण दंडक आहे. नवशिका निरीक्षक याच नकाशात सर्वाधिक वेळ घालवतो, आणि माझ्या मते तो वेळ बराचसा वाया जातो. कारण वायव्य कॅरिबियनचे पाणी मे महिन्यात सहसा हा टप्पा ओलांडून गेलेलेच असते. खरा अडसर असतो तो विंड शिअरचा, म्हणजे खालच्या आणि वरच्या थरांतील वाऱ्यांच्या दिशेत व वेगात पडणाऱ्या तफावतीचा. मे महिन्यात उपोष्ण जेट प्रवाह, म्हणजे खूप उंचावरून वाहणारा वेगवान वाऱ्यांचा पट्टा, अजून पुरेसा उत्तरेकडे सरकलेला नसतो, त्यामुळे आखातावर आणि कॅरिबियनच्या उत्तर भागावर वरच्या थरात जोरदार पश्चिमी वारे वाहत असतात. ८५० हेक्टोपास्कल, म्हणजे सुमारे दीड किलोमीटर उंचीवरील वारे, आणि २०० हेक्टोपास्कल, म्हणजे सुमारे बारा किलोमीटर उंचीवरील वारे, यांचे नकाशे शेजारी ठेवून पाहावेत. फरक वीस नॉटांच्या (ताशी सुमारे ३७ किलोमीटरच्या) बराच वर असेल तर केंद्र टिकण्याची शक्यता कमी धरावी. त्याच्या जोडीला मॅडन-ज्युलियन आंदोलनाची, म्हणजे विषुववृत्तालगत पूर्वेकडे सरकणाऱ्या ढगाळ आणि कोरड्या टप्प्यांच्या चक्राची, स्थिती पाहावी. ढगांना पोषक असा त्याचा टप्पा पूर्व पॅसिफिकवरून मध्य अमेरिका आणि कॅरिबियनवर सरकतो, तेव्हा एरवी बंद असलेले दार काही दिवस किलकिले होते.

आता मॉडेलविषयी, म्हणजे संगणकावर हवामानाचा अंदाज काढणाऱ्या प्रणालींविषयी, कारण या काळातील बहुतेक गोंधळ तिथूनच निघतो. अमेरिकेचे जीएफएस मॉडेल दिवसातून चार वेळा, सोळा दिवसांपर्यंतचा अंदाज देते, आणि मे महिन्यात पश्चिम कॅरिबियनमध्ये नसलेली वादळे उभी करण्याची त्याची खोड जुनी आहे. बारा-चौदा दिवसांनंतरच्या नकाशावर आखातात शिरणारे मोठे चक्र दिसले, म्हणून लगेच कुणाला कळवायला धावू नये. अशा वेळी एक साधी पडताळणी करावी: वादळ तयार होण्याची तारीख कागदावर लिहून ठेवावी आणि मॉडेलच्या पुढच्या आठ-दहा फेऱ्यांत ती तारीख जवळ येते की तेवढीच पुढे ढकलली जाते हे पाहावे. सोमवारी दहा दिवसांवर असलेले वादळ शुक्रवारीही दहा दिवसांवरच असेल, तर ते सोडून द्यावे. तारीख खरोखर जवळ येत असेल, तर युरोपीय मॉडेलच्या समूह-अंदाजाकडे, म्हणजे थोड्या वेगवेगळ्या सुरुवातीपासून काढलेल्या अनेक अंदाजांच्या संचाकडे, वळावे. त्यातील पन्नास सदस्यांपैकी मोजकेच कमी दाब दाखवत असतील तर नुसती नोंद ठेवावी. बरेच सदस्य एकाच भागात आणि एकाच सुमारास दाखवू लागले की रोज पाहावे.

उपग्रहचित्रांसाठी सकाळची वेळ निवडावी. सूर्य वर येऊ लागताच दृश्य प्रकाशातील चित्रमालिका सुरू करावी आणि उंच, पांढऱ्याशुभ्र ढगांकडे सुरुवातीला दुर्लक्ष करून खालच्या, करड्या, कापसाच्या पुंजक्यांसारख्या ढगांच्या ओळी शोधाव्यात. युकातान आणि क्युबाच्या मधल्या पाण्यावर या ओळी पूर्वेकडून पश्चिमेकडे सरळ जात असतील, तर तिथे फक्त कमी दाबाचा लांबट पट्टा आहे असे समजावे. त्या एका बिंदूभोवती वळत असतील, आणि विशेषतः त्या बिंदूच्या दक्षिणेकडील ढग पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना दिसत असतील, तर खालच्या थरात बंद अभिसरण, म्हणजे केंद्राभोवती पूर्ण फिरणारे वारे, तयार होत आहे. मग उंच ढगांकडे यावे. ते या बिंदूपासून ईशान्येला किंवा पूर्वेला फेकले जात असतील, तर शिअर आपले काम करत आहे. संध्याकाळी अवरक्त चित्रात दिसणारा ढगांचा भडक रंगाचा गोळा पुष्कळांना भुलवतो. तो रात्रभर टिकून दुसऱ्या दिवशी त्याच केंद्रावर पुन्हा उभा राहिला, तरच त्याला महत्त्व द्यावे.

आऊटलुक वाचताना दोन टक्केवाऱ्या वेगवेगळ्या वाचाव्यात, एक ४८ तासांची आणि दुसरी सात दिवसांची. नकाशावरील पिवळा रंग ४० टक्क्यांपेक्षा कमी शक्यता, नारिंगी ४० ते ६० टक्के आणि लाल त्याहून अधिक शक्यता दाखवतो. रंगवलेले क्षेत्र म्हणजे तडाख्याचे क्षेत्र नव्हे. प्रणाली कुठे जन्माला येऊ शकते, एवढेच ते सांगते. एखाद्या प्रणालीला ९० ते ९९ मधील आकडा आणि अटलांटिकची खूण असलेले एल हे अक्षर मिळाले, म्हणजे तिचा सविस्तर अभ्यास सुरू झाला, याहून अधिक अर्थ त्यातून काढू नये.

लवकर आलेल्या वादळावरून पुढचा हंगाम कसा जाईल हे मात्र ठरवता येत नाही. २०१५ मध्ये ॲना मेच्या सुरुवातीला आले आणि हंगाम सरासरीपेक्षा शांत गेला; २००४ मध्ये पहिले वादळ जुलैच्या अखेरीस तयार झाले आणि त्यानंतर चार्ली, फ्रान्सिस, आयव्हन आणि जीन यांनी अमेरिकेला झोडपून काढले.

पॅसिफिककडेही एक नजर असावी. ३१ मे २०२० रोजी ग्वाटेमालाच्या किनाऱ्यावर आलेल्या अमांडाच्या अवशेषांतून मेक्सिकोच्या आखाताच्या दक्षिण भागातील काम्पेचेच्या उपसागरात क्रिस्टोबाल उभे राहिले. २०२२ मध्ये मेक्सिकोच्या ओहाका किनाऱ्यावर धडकलेल्या अगाथाच्या अवशेषांनी कॅरिबियनमधील प्रणालीला हातभार लावला. तिने जूनच्या सुरुवातीला मायामीचे रस्ते पाण्याखाली घातले आणि फ्लोरिडा ओलांडल्यावरच तिला ॲलेक्स हे नाव मिळाले. त्याउलट २७ मे २०२० चे बर्था नाव मिळाल्यानंतर साधारण तासाभरातच दक्षिण कॅरोलिनातील चार्ल्स्टनजवळ किनाऱ्याला लागले. म्हणून किनाऱ्यावर राहणाऱ्याने मे महिन्यात नावाची वाट न पाहता पावसाच्या अंदाजाचे नकाशे आधी उघडावेत, आणि शिअर जोरदार असेल तर मुसळधार पट्टा केंद्रापासून बराच पूर्वेकडे सरकलेला असेल हे धरूनच ते वाचावेत.