सुइट घेण्याआधी खिडकीची दिशा विचारा

लग्नाच्या बस्त्यासाठी गावाकडून नागपूरला जाऊन एखाद्या देखण्या बुटीक (लहान, खास सजावटीच्या) हॉटेलात सुइट, म्हणजे बैठकीसह मोठी खोली, घ्यायचा असेल, तर फोटोतल्या झुंबराला न भुलता बैठकीची खोली भिंत व दार घालून वेगळी केली आहे की कोपऱ्यात नुसता सोफा ठेवला आहे, हे आधी फोनवर विचारावे. मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा पश्चिमेची काचेची भिंत कितीही मोहक असली तरी दुपारी चारनंतर उशीसुद्धा तापते. म्हणून उत्तरेची खोली आणि अस्तराचे जाड पडदे मागावेत. सोबत आजी असल्यास न्हाणीघरातील गुळगुळीत संगमरवराचीही चौकशी करावी; घरच्या खडबडीत फरशीची सवय तिथे दगा देते. एका रात्रीचे भाडे 7,500 रुपयांहून अधिक असल्यास 18 टक्के जीएसटी वेगळा धरावा.