दऱ्या शोधल्या, दर्या सापडला

पोस्टग्रेस या डेटाबेसवर चालणारं, लेख शोधून देणारं ओपन सोर्स सर्च एक्स्टेंशन हा आमच्या छोट्या स्टार्टअपचा एकुलता एक माल. एकाने कळवलं, ‘दऱ्या’ शोधलं की निम्मेच लेख येतात. दोन दिवस मी इंडेक्सलाच, म्हणजे शोधासाठी बांधलेल्या शब्दसूचीलाच, शिव्या घातल्या. मग न सापडणारा शब्द बाइट्समध्ये उलगडून पाहिला आणि कपाळावर हात मारला. तो अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: ऱ (युनिकोड ०९३१) आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (झीरो विड्थ जॉइनर) हे अक्षरं जोडणारं, डोळ्यांना न दिसणारं चिन्ह. दिसायला सख्खे जुळे!

एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणारं, पोस्टग्रेस १३ पासूनचं नॉर्मलाइझ फंक्शन इथे अपुरं; ते र आणि नुक्ता (खालचा टिंब) जोडून ऱ करतं, झेडडब्ल्यूजेला हात लावत नाही. घाईत मी झेडडब्ल्यूजे सरसकट उडवला, तर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला. सह्याद्री शोधणाऱ्याला कोळीवाडे दिसायला लागले.

शेवटी क्रम बदलला. आधी ‘र, हलन्त, झेडडब्ल्यूजे’च्या जागी ‘ऱ, हलन्त’, मगच उरलेले झेडडब्ल्यूजे काढायचे, मग नॉर्मलाइझ. या सगळ्याचं एक फंक्शन केलं, ते इम्युटेबल (त्याच इनपुटला कायम तेच उत्तर देणारं) म्हणून जाहीर करून इंडेक्सला लावलं आणि शोधशब्दालाही. दुसरं आधी विसरलो होतो. रीइंडेक्स, म्हणजे इंडेक्स नव्याने बांधणं, रात्री सोडला. सकाळी ‘आचाऱ्याला’ आणि ‘आचार्याला’ही वेगळे झाले होते.