लेथच्या टेलस्टॉकमध्ये ड्रिल चक कसा बसवावा

टेलस्टॉक म्हणजे लेथच्या उजव्या टोकाचा सरकता भाग. त्याच्या बॅरलमधलं, म्हणजे पुढे-मागे सरकणाऱ्या नळीतलं, निमुळतं भोक (मोर्स टेपर) २ नंबरचं आहे, ३ की ४, ते बघून त्याच नंबरचा आर्बर, म्हणजे चक धरणारा निमुळता दांडा, घ्या. आर्बर लहान निघाला तर स्लीव्ह (मध्ये बसणारी निमुळती नळी) लावा. ड्रिल धरणारा चक आर्बरवर चढवताना त्याचे जबडे आत घ्या, दोन्ही टेपर पुसून कोरडे करा, लाकडावर एक ठोका. झालं.

खरी कटकट आर्बर बॅरलमध्ये धरत नाही ही. गोव्यात वेर्णा असो की डिचोली, चक फिरायला लागला की कोणी टेपरवर कागद गुंडाळायला सांगतो, कोणी खडू फासायला, कोणी सरळ हातोडीच पुढे करतो. तिघांचंही ऐकू नका. मोर्स टेपर दर २० मिमीला जेमतेम १ मिमी निमुळता होतो. लोखंड लोखंडाला लांबीभर भिडलं तरच तो धरतो. मध्ये कागद आला की ड्रिल सेंटर सोडतं आणि जोर पडताच आर्बर गरकन फिरतो. एकदा फिरला की बॅरलच्या आत चरे पडतात, आणि त्या चऱ्यांच्या कडा पुढचा प्रत्येक आर्बर ओरबाडतात.

त्यात आपली हवा. गणेशचवथीला शटर खाली, बाहेर पाऊस. परत येऊन बघावं तर बॅरलच्या आत तांबूस थर. काठीला कापड गुंडाळून डिझेलने पुसा, मग कोरड्या कापडाने. आता आर्बरवर लांबीने पेन्सिलीच्या तीन रेषा ओढा, आत बसवा, किंचित फिरवून काढा. रेषा सगळीकडे सारख्या पुसल्या तर टेपर ठीक. एकाच जागी पुसल्या तर तिथे उंचवटा आहे. आर्बरवरचा असेल तर ऑइलस्टोनने घासा. बॅरलमधला असेल तर त्याच नंबरचा टेपर रीमर (भोक आतून खरवडणारं हत्यार) हाताने फिरवा, कड जाईल इतकाच. आत एमरी पेपर घालणाऱ्याला मशीनजवळ फिरकू देऊ नका. कोन बिघडला की बॅरल गेलं.

बसवताना तेल नको. बॅरल थोडं बाहेर काढा आणि हाताच्या एका झटक्यात आर्बर आत. बॅरलमध्ये खाच असेल तर आर्बरची चपटी शेपटी तिच्या रेषेत धरा. काढायला हँडव्हील उलटं फिरवत बॅरल पूर्ण मागे न्या. आतल्या स्क्रूचं टोक आर्बर बाहेर ढकलतं. आर्बर आखूड असेल तर ते टोक पोचतच नाही, म्हणून खरेदी करतानाच शेपटीवाला घ्या. सुटताना चकखाली हात असू द्या, नाहीतर खाली लेथच्या बेडवर खड्डा.

पुढचं सोपं. आधी फेसिंग, म्हणजे जॉबचं (भोक पाडायच्या तुकड्याचं) तोंड सपाट करणं, मग सेंटर ड्रिलने मधोमध छोटी खूण, मग ड्रिल. चकची चावी तिन्ही भोकांत आवळून लगेच काढा. माइल्ड स्टीलमध्ये १० मिमीचं हायस्पीड ड्रिल ८०० आरपीएमच्या आसपास चालवा, मोठं असेल तर कमी. खोल भोकात सारखं मागे घेऊन चिप्स काढा, पण हँडव्हीलनेच. घाई म्हणून टेलस्टॉक सैल करून ओढलात आणि ड्रिल जॉबमध्ये अडकलं, तर चक टेपरमधून सुटून जॉबबरोबर फिरेल.

१३ मिमीच्या पुढे चकचा हट्ट सोडा, टेपर शँकचं (निमुळत्या बुडाचं) ड्रिल थेट बॅरलमध्ये लावा. पावसाळ्यात संध्याकाळी चक काढून ठेवा, बॅरलच्या आत तेलाचा हात फिरवा, आणि सकाळी बसवण्याआधी ते तेल पुसा.